ग्रुपवर टाकलंय

जुलैतली दुपार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नया बाजाराच्या आतल्या गल्लीत माझ्या आतेभावाचं, म्हणजे दादाचं, सीएचं ऑफिस आहे. तो आणि चौदा माणसं. विवरणपत्रं भरायची शेवटची तारीख तोंडावर आलेली, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर दोनच पंखे चाललेले. एका वयस्कर क्लायंटचं बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र सापडत नव्हतं. ते गृहस्थ समोरच्या बाकावर बसून होते आणि प्रमाणपत्र त्यांनी मेमध्येच आणून दिलं होतं. दादाने विचारलं तेव्हा टेबलावरचा मुलगा म्हणाला, "भैयाजी, वो तो ग्रुप में डाल दिया था."

मग शोध सुरू झाला. ऑफिसचे ग्रुप चार: 'ऑफिस', 'ऑफिस न्यू', 'जीएसटी अर्जंट' आणि 'फक्त काम'. मुलगा अंगठ्याने मागे मागे सरकत गेला. सुप्रभाताची फुलं, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, रोकडवहीचा तिरका फोटो, पुन्हा फुलं, 'ओके सर', 'ओके सर', 'ओके सर'. वीस मिनिटांनी प्रमाणपत्राचा धूसर चौकोन दिसला. त्यावर बोट ठेवलं, तर ते उघडेना. फोनमध्ये जागा नाही म्हणून जुन्या फाइली पुसून टाकलेल्या होत्या. मूळ फोटो होता तो पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये, आणि तो मुलगा जूनमध्येच नोकरी सोडून इंदूरला गेला होता.

बाकावरचे आजोबा काही बोलले नाहीत. छत्री उचलली, बँकेत पुन्हा जाऊन येतो म्हणाले आणि उन्हात बाहेर पडले. दादाला ते फार लागलं. रात्री जेवताना त्याने मला विचारलं, "तू असल्या गोष्टींवर लिहितोस ना? मग ऑफिससाठी कोणतं ॲप घेऊ, एवढं सांग."

मी त्याला लगेच नाव सांगितलं नाही. नावाच्या आधी ठरवायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि त्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरातल्या एका जुन्या अल्बमात सापडली. तिकडे येतोच. पण आधी निरोप जातो कसा, ते बघायला हवं.

आपल्याला वाटतं, माझ्या फोनमधून निघालेला निरोप तुमच्या फोनमध्ये जातो. तसं होत नाही. तो आधी एका सर्व्हरवर जातो. सर्व्हर म्हणजे कायम चालू असलेला, दूर कुठेतरी ठेवलेला संगणक. तुमचा फोन चालू असेल, रेंजमध्ये असेल, तर सर्व्हर निरोप लगेच पुढे ढकलतो. नसेल तर धरून ठेवतो. टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करणारी खोली असते, तिचंच हे काम. व्हॉट्सॲपवरची पहिली बरोबरची खूण सांगते की पत्र त्या खोलीत पोचलं, दुसरी खूण सांगते की ते तुमच्या फोनपर्यंत आलं.

आता या खोलीत पत्राचं काय होतं, यावरून सगळ्या यंत्रणांचे दोन वंश पडतात. पहिल्या वंशात पत्र बंद पेटीतून जातं आणि किल्ल्या फक्त दोन टोकांना असतात. मधल्या खोलीतल्या माणसाला पेटी दिसते, आतलं दिसत नाही. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये ही व्यवस्था सगळ्यांसाठी पूर्ण केली. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी बांधलेली सिग्नलची पद्धत त्यांनी घेतली, आणि तिच्यात प्रत्येक निरोपागणिक किल्ली बदलत जाते. एक किल्ली चोराच्या हाती लागली तरी मागची सगळी पत्रं उघडत नाहीत. निरोप पोचला की मधल्या खोलीत त्याची प्रत ठेवलेली नसते. नोंद राहते ती दोन खिशांत.

दुसऱ्या वंशात मधली खोली हेच दफ्तर असतं. स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, झोहोचं क्लिक, झुलिप, मॅटरमोस्ट ही सगळी या वंशातली. इथे निरोप सर्व्हरवर राहतो. फोन ही नुसती खिडकी. फोन हरवला, माणूस गेला, तरी दफ्तर जागच्या जागी. स्लॅकचा जन्मच या गरजेतून झाला. स्ट्युअर्ट बटरफील्ड आणि त्यांचे सहकारी एक संगणकीय खेळ बनवत होते. तो खेळ २०१२ मध्ये बंद पडला, पण तो बनवताना आपसांत बोलण्यासाठी जे साधन त्यांनी घरच्या घरी तयार केलं होतं ते इतकं कामाचं निघालं की पुढे तोच धंदा झाला. स्लॅक हे नाव ज्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून जुळवलं, त्यांचा अर्थ होतो: सगळं बोलणं आणि सगळी माहिती यांची शोधता येणारी नोंदवही. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत बारनिशी असते, आलेल्या-गेलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक देणारी. स्लॅक म्हणजे बोलण्याची बारनिशी.

दादाच्या ऑफिसातली अडचण अशी की काम दुसऱ्या वंशाचं होतं आणि साधन पहिल्या वंशातलं. व्हॉट्सॲपची बंद पेटी खाजगी बोलण्यासाठी फार मोलाची आहे. दोन माणसांमधल्या गोष्टी दोघांतच राहाव्यात यासाठी ती बांधली. पण क्लायंटचा कागद हा दोघांतला नाही, तो ऑफिसचा आहे. जीएसटीच्या कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायला सांगितली आहेत. सहा वर्षं! एवढ्या काळात माणूस दोन नोकऱ्या आणि तीन फोन बदलतो. चौदा खिशांत विखुरलेलं दफ्तर सहा वर्षं टिकेल यावर ऑफिस कसं विसंबणार?

याच मापाने फुकट योजनाही तपासाव्या लागतात. स्लॅकच्या फुकट योजनेत मागचे ९० दिवसच दिसतात, आणि वर्षाहून जुनं लिखाण ते पुसून टाकतात. तीन महिन्यांची खिडकी गप्पांना पुरते, हिशेबाला नाही.

आणि ॲपंही मरतात. माझ्या वयाच्या वाचकांना सायबर कॅफेतला याहू मेसेंजर आठवत असेल. तासाचे वीस रुपये मोजून आपण त्यावर बसायचो. १७ जुलै २०१८ ला तो बंद झाला. त्याआधी अमेरिकेत घराघरांत असलेला एआयएम १५ डिसेंबर २०१७ ला गेला. इस्रायलच्या मिराबिलिस कंपनीने १९९६ मध्ये काढलेला आयसीक्यू, म्हणजे या सगळ्यांचा थोरला भाऊ, २६ जून २०२४ ला संपला. म्हणून यंत्रणा विकायला येणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारावं: आम्हांला सोडून जायचं झालं तर आमचं सगळं लिखाण कोणत्या रूपात, किती दिवसांत परत देणार? याचं सरळ उत्तर न देणाऱ्याचं बाकीचं काही ऐकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता अल्बमाकडे.

आत्याच्या सासऱ्यांना तिकिटं जमवायचा नाद होता. त्यांच्या अल्बमात अर्ध्या आण्याचं एक निळसर हिरवं तिकीट आहे. मधोमध व्हिक्टोरिया राणीचा चेहरा, आणि त्या छापलेल्या तिकिटावर पुन्हा वेगळ्या शाईत उमटवलेलं गावाचं नाव: एकदा रोमन अक्षरांत, एकदा देवनागरीत. भिंग लावून पाहिलं की रोमन अक्षरांची शाई राणीच्या चित्राच्या रेघांवर किंचित उंच बसलेली दिसते. तिकीट लंडनला छापलं, नाव कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यात उमटलं आणि चिकटवलं गेलं लष्करात. एका तिकिटावर दोन सरकारं.

हे घडलं एका करारामुळे. १८८५ साली, जयाजीराव शिंद्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, ग्वाल्हेर दरबारने ब्रिटिश टपालखात्याशी करार केला. संस्थानाच्या हद्दीत टपाल संस्थानाचं: माणसं दरबारची, कचेऱ्या दरबारच्या, खर्च आणि उत्पन्न दरबारचं. पण ग्वाल्हेरचं नाव उमटवलेलं तिकीट लावलेलं पत्र ब्रिटिश हिंदुस्थानात कुठेही, त्याच दरात, दुसरं तिकीट न लावता जाणार. ठरलेल्या ठिकाणी पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात द्यायच्या, हिशेब आपसांत मिटवायचा. असा करार करणारी संस्थानं पाऊणशेही नव्हती, दहाही नव्हती. होती फक्त सहा: पतियाळा, जिंद, नाभा, फरीदकोट, चंबा आणि ग्वाल्हेर. ग्वाल्हेर सोडलं तर सगळी पंजाब-हिमाचलाकडची.

शेजारी इंदूरला होळकरांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी १८८६ मध्ये स्वतःची तिकिटं काढली, महाराजांचं चित्र असलेली, दिसायला देखणी. पण ती चालायची होळकरांच्या हद्दीतच. इंदूरच्या व्यापाऱ्याला मुंबईच्या अडत्याला लिहायचं तर ब्रिटिश तिकीट लागे. अशी हद्दीपुरती तिकिटं काढणारी संस्थानं डझनावारी होती. ती यथावकाश एकेक करून बंद होत गेली. ग्वाल्हेरचा करार मात्र संस्थान विलीन झाल्यावरही थोडा काळ टिकला. एकूण साठ वर्षांहून जास्त.

दादाला मी हे तिकीट दाखवलं आणि म्हटलं, "तुझ्यापुढचा प्रश्न हाच आहे. आत काय चालवायचं आणि वेशीवर काय ठरवायचं."

आज आपण जी निरोपांची ॲपं वापरतो ती जवळजवळ सगळी होळकरी तिकिटं आहेत. व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर निरोप जात नाही, टीम्सवरून क्लिकवर जात नाही. याची सवय झाल्यामुळे हे विचित्र आहे हेही जाणवत नाही. ईमेल तसं नाही. एका कंपनीच्या ईमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ईमेलवर पत्र बिनदिक्कत जातं. यूपीआय तसं नाही. महाराजबाड्यावरच्या कचोरीवाल्याच्या गाडीवर कोणत्याही कंपनीचा क्यूआर असो, पैसे कोणत्याही ॲपमधून जातात, कारण २०१६ मध्ये सुरुवात करतानाच सहभागी बँकांनी एक सामाईक पद्धत मान्य केली.

निरोपांसाठी असे करार झालेच नाहीत असं नाही. १९९९ मध्ये जेरेमी मिलर या अमेरिकी तरुणाने जॅबर नावाची पद्धत मांडली. तिचंच पुढे एक्सएमपीपी झालं. त्यात पत्ता ईमेलसारखा असतो, आणि कोणीही आपला सर्व्हर उभा करून दुसऱ्याच्या सर्व्हरशी बोलू शकतो. गूगलने २००५ मध्ये गूगल टॉक याच पद्धतीवर काढला होता. मग २०१३ पासून त्यांनी हँगआउट्स आणलं आणि दारं लावून घेतली. ग्राहक आपल्या अंगणात आला की कुंपण घालावंसं वाटतं, ही मोठ्या कंपन्यांची वागणूक मला मनापासून खटकते. त्यानंतर २०१४ मध्ये मॅट्रिक्स नावाची नवी खुली पद्धत सुरू झाली. फ्रान्स सरकारने २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चॅप नावाचं ॲप तिच्यावरच उभं केलं. युरोपीय संघाने तर कायदाच केला की व्हॉट्सॲपसारख्या बड्या सेवांनी मागणी आल्यास दुसऱ्या ॲपना वाट द्यावी. आपल्याकडे २०२५ च्या सप्टेंबरात झोहोच्या अरट्टै या ॲपवर एकाएकी झुंबड उडाली (तमिळमध्ये अरट्टै म्हणजे गप्पा) तेव्हा झोहोच्या श्रीधर वेंबूंनी जाहीरपणे म्हटलं की निरोपांची ॲपं यूपीआयसारखी एकमेकांशी जोडलेली असावीत. ते झालं तर फार बरं होईल. पण दादाला उद्या सकाळी ऑफिस उघडायचं होतं.

मॅट्रिक्स त्याने घ्यावं का? मन होतं, पण मी थांबलो. त्या पद्धतीचं सर्वांत प्रचलित ॲप एलिमेंट. ते २०२३ मध्ये केंद्र सरकारने काश्मिरातल्या सुरक्षेचं कारण देऊन इतर तेरा ॲपसोबत बंद केलं. तंत्र कितीही चांगलं असलं तरी ज्याच्यावर बंदी येऊ शकते त्यावर चौदा जणांचं रोजचं काम टांगायचं नाही, हे मला पटलं.

आणखी एक गोष्ट मला त्याला सांगायची होती, ती पानिपतावरून सुचली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झालं ते नानासाहेब पेशव्यांना कळलं सुमारे दहा दिवसांनी, भेलशाच्या मुक्कामात. भेलसा म्हणजे आजचं विदिशा, पुढे शिंद्यांच्याच संस्थानातला जिल्हा. ती बातमी पेशव्यांच्या जासुदाने आणली नाही. सावकारांचा कासीद वाटेत पेशव्यांच्या लोकांना सापडला आणि त्याच्याजवळचं व्यापारी पत्र उघडलं गेलं. पत्र सांकेतिक होतं: मोती गळाले, मोहरा हरवल्या, चिल्लर किती गेली त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार. वाचणाऱ्याला उलगडा व्हायला वेळ लागला नसेल.

शाळेत हे पत्र आपण हळहळत ऐकतो. मला त्यात एक कामाची गोष्टही दिसते. राज्याची डाक होती, वकील होते, दिल्लीला पेशव्यांच्या वतीने हिंगण्यांचं अख्खं घराणं बसलेलं असे. तरी आणीबाणीच्या वेळी सर्वांत आधी पोचली ती सावकारांची डाक. कारण सावकाराला बातमीवर हुंडीचा भाव ठरवायचा होता. त्या डाकेची गरज रोजची होती, म्हणून तिची वाट रोज झाडलेली होती. ऑफिसातही निरोप तुम्ही आखून दिलेल्या वाटेने जात नाही. तो ज्या वाटेवर पाय बसलाय तिनेच जातो. नवी यंत्रणा जुन्या व्हॉट्सॲपपेक्षा दोन बोटं जास्त त्रासाची असेल, तर आठ दिवसांत 'फक्त काम'च्या जागी 'फक्त काम न्यू' उभा राहतो. म्हणून निवडताना मालकाने एकट्याने ठरवू नये. सर्वांत वयस्कर कारकून आणि सर्वांत नवा पोरगा, दोघांच्या हातात आठवडाभर द्यावं आणि कोण कुठे अडतं ते शेजारी बसून पाहावं.

आम्ही तसंच केलं. ऑफिसात पन्नाशीच्या एक मराठी बाई आहेत, लग्नाआधीपासून तिथेच. सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांनी तासाभरात जे विचारलं ते मला सुचलंच नव्हतं. "एका क्लायंटची तीन कामं असतात. जीएसटीचं, इन्कम टॅक्सचं, कर्जाच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं. ती एकाच ओळीत आली तर पुन्हा तीच फुलं आणि ओके सर."

तिथे मी त्यांना झुलिपची रचना दाखवली. त्यात प्रत्येक निरोपाला विषय द्यावाच लागेल अशी सक्ती करता येते. क्लायंटच्या नावाचा कप्पा, कप्प्यात विषय, आणि प्रत्येक विषयाखाली फक्त त्याच कामाचं बोलणं. तीन दिवस रजेवर गेलेल्या माणसाने परत येऊन आपल्याला लागणारे दोन विषय वाचावेत, बाकीच्यांकडे पाहूही नये. इतर यंत्रणांतही निरोपाखाली उत्तरांचा धागा ओवता येतो, पण तो ऐच्छिक असतो, आणि घाईत कोणी ओवत नाही. ताईंना ही सक्ती आवडली. "फाइलवर विषय लिहिल्याशिवाय आम्ही कागद पुढे पाठवत नव्हतो कधी," त्या म्हणाल्या. पोरांना मात्र ते जड गेलं. 'हो' म्हणायलाही विषय निवडायचा, याला एकजण दुसऱ्याच दिवशी वैतागला.

झुलिप खुला आहे. आपल्या संगणकावर बसवायला पैसे पडत नाहीत, आणि शंभराच्या आत माणसं असतील तर २ जीबी मेमरीचा साधा सर्व्हरही पुरतो. दफ्तर आपल्याच घरात राहावं हा विचार मला भुरळ घालतो. पण घरातलं दफ्तर म्हणजे वाळवीही आपणच बघायची. रोजची दुसरी प्रत काढणं, दर काही आठवड्यांनी सुधारित आवृत्ती चढवणं, लाइट गेल्यावर सर्व्हर नीट उठला का ते पाहणं, हे ज्याच्या अंगावर नावानिशी नाही तिथे स्वतःचा सर्व्हर ठेवू नये. दादाच्या ऑफिसात असा माणूस नव्हता. बाहेरचा मुलगा महिन्यातून एकदा येतो, प्रिंटर बघून जातो. म्हणून त्यांनी शेवटी पैसे देऊन चालणारी तयार सेवा घेतली, माणशी महिन्याचे पैसे मोजून. सेवेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या ऑफिसला दुसरीच बरी पडेल.

किंमत देताना नुसता दर पाहू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. लष्करातल्या छोट्या ऑफिसला एवढा दंड होईल असं नाही. पण लोकांचे पॅन, आधार, पगार, कर्जं नोकरी सोडून गेलेल्या पोरांच्या फोनमध्ये पडून राहणं ही आता नुसती गैरसोय राहिलेली नाही. नव्या व्यवस्थेत माणूस गेला की त्याचं खातं त्याच संध्याकाळी बंद होतं आणि त्याने लिहिलेलं सगळं ऑफिसात राहतं.

मात्र याची दुसरी बाजू माणसांना आधी सांगायला हवी, आणि ती सांगण्यात अनेक मालक कचरतात. दफ्तर सर्व्हरवर आहे याचा अर्थ मालकाला, किंवा त्याने नेमलेल्या माणसाला, ते वाचण्याची सोय असू शकते. ही बंद पेटी नव्हे. दादाने सगळ्यांना बोलावून ते स्पष्ट सांगितलं: इथे कामाचंच लिहा, घरचं बोलणं आपापल्या फोनवर करा, आणि खाजगी निरोप मी उघडणार नाही, पण चौकशी लागली तर ऑफिसचं दफ्तर दाखवावं लागेल. पोरं गप्प होती. ताईंनी विचारलं, "आणि रात्री?"

तो प्रश्न मोठा आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी याच हक्काचं खाजगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झालेला नाही. तोवर हे प्रत्येक ऑफिसने आपल्यापुरतं ठरवायचं. इथे ठरलं ते असं: रात्री साडेआठ ते सकाळी साडेनऊ सूचना वाजणार नाहीत. अपवाद फक्त मुदतीच्या आदल्या रात्रीचा, आणि त्या रात्रीही निरोप न पाठवता फोन करायचा.

फोनचं महत्त्व दुसऱ्या कारणानेही राहतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सॲप जगभर सहा तासांच्या आसपास बंद होतं. २५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीतच, भर दुपारी पुन्हा बंद पडलं. ग्वाल्हेरने २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदच्या हिंसाचारात संचारबंदी पाहिली आणि इंटरनेटही बंद झालेलं पाहिलं. म्हणून ताईंच्या टेबलाच्या काचेखाली आता एक कागद आहे, सगळ्यांचे फोन नंबर आणि पन्नास महत्त्वाच्या क्लायंटचे.

राहिली वेस. क्लायंट काही नवं ॲप घेणार नाहीत. दालबाजारातला धान्याचा व्यापारी बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवरच पाठवणार, आणि त्याने तसंच करावं. त्याला आपल्या दारात नवी तिकिटं विकत घ्यायला लावणं म्हणजे इंदूरचा मार्ग. दादाने ऑफिसच्या एका नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं. आता क्लायंटने त्या एकाच नंबरावर पाठवायचं, कुणा पोराच्या नंबरावर नाही. तिथे आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी आतल्या कप्प्यात, विषयाखाली चढवायचा आणि पाठवणाऱ्याला पोच द्यायची. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात. हे काम ताईंनी मागून घेतलं.

पोचेच्या शब्दांबद्दल आमचा थोडा वाद झाला. मी म्हणालो, दोन निळ्या खुणा पुरेत की. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेलांनी २०१८ मध्ये एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचल्याचं मान्य केलं ते निळ्या खुणा पाहूनच. पण २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं की चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर देऊन भागणार नाही, ती कायद्याने सांगितलेल्या रीतीनेच द्यावी. म्हणजे खुणेने कधी भागतं, कधी नाही. ताईंना न्यायालयांशी काही घेणं नव्हतं. "खूण म्हणजे फोनला पोचलं," त्या म्हणाल्या, "मला पोचलं ते मी लिहीन."

ऑक्टोबरच्या वीस तारखेला, जीएसटीच्या मुदतीच्या दिवशी, मी पुन्हा तिथे होतो. त्या दिवशी तिथे आवाज कमी होता, एवढं मला लगेच जाणवलं. ताईंच्या समोर ऑफिसचा फोन उभा ठेवलेला. एक बिल आलं, त्यांनी चष्मा सरकवून तारीख वाचली, संगणकावर कप्पा उघडला, विषय निवडला, फोटो चढवला. मग फोन उचलून एका बोटाने लिहिलं: सप्टेंबरची बिलं ११ पैकी ११ पोचली, दुपारी ३.४०. आणि खाली आपलं नाव.